कलगोंडा मगदूम येतो म्हणाला

निनाई कोल्ड स्टोरेजची सोमवारची मीटिंग पाडव्याच्या आठवड्यात सुरू झाली ती दसरा आला तरी चालू होती, कारण कलगोंडा मगदूम "येतो" म्हणून उठला होता आणि अजून आला नव्हता.

कलगोंडा त्याच संध्याकाळी वारला. पण ती बाब वेगळी. मीटिंगच्या कागदावर त्याचं वारणं कुठं नव्हतं, येणं होतं.

यंत्र बसवलं ते पाटोळे साहेबांनी. साहेब निनाईचे मॅनेजर, वयानं तरुण, केसानं म्हातारे. ऑफिस मिरजेत, आणि बेदाणा ठेवायची थंड गोदामं सावळजला आणि जतला. दर सोमवारी तिन्ही गावं मोबाईलवर एकत्र यायची, एकमेकांवर ओरडायची, आणि मंगळवारी जो तो म्हणायचा, मी असं बोललोच नव्हतो. साहेब वैतागले. म्हणाले, आता यंत्रच ऐकेल आणि यंत्रच लिहील. मीटिंग सुरू झाली की आपोआप रेकॉर्डिंग चालू, आणि जो जे बोलेल ते त्याच्या नावापुढं मराठीत लिहून पडद्यावर. त्या यंत्राला सगळे लेखनिक म्हणायला लागले.

लेखनिक जोडला ऑफिसातल्या अफसाना मुजावरनं. जोडताना हे यंत्र प्रश्न फार विचारतं. कुणाचा आवाज कुठला ते ओळखू का? हो. शिव्या लिहू का? इथं अफसानाला सावळजचा मुकादम तातोबा खोत आठवला, आणि तिनं "लिहाव्यात व मोजाव्यात" यावर खूण केली. शेवटी विचारलं, बाहेर गेलेला सदस्य परत येणार असल्यास सभा चालू ठेवू का? यात वावगं काय? कुणी लघवीला गेला म्हणून मीटिंग मोडायची नसते. तिनं हो म्हटलं.

आता आपल्यात उठताना "जातो" कोण म्हणतं? ते तोंडातून काढायचं नसतं, एवढं शेंबड्या पोराला कळतं. माणूस गुडघ्यावर हात ठेवून उठतो, चप्पल शोधतो आणि म्हणतो, येतो. लेखनिकाला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या हिशोबी येतो म्हणजे येतो.

त्या पहिल्याच सोमवारी पाटोळे साहेब "चला, येतो" म्हणाले, अफसाना "येते" म्हणाली, आणि लेखनिक सगळ्यांची वाट बघत बसला. दुसऱ्या दिवशी एकेक जण कामावर आला, तसं त्यानं नावापुढं "आले" असं लिहून टाकलं. राहिलं एक नाव. कलगोंडा जतच्या गोदामात मशीनवर होता. तो जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारा, त्यामुळं मीटिंगमधनं नेहमी सगळ्यांच्या आधी उठायचा. त्या दिवशीही उठला आणि म्हणाला, "तातोबा, येतो रे."

अफसानानं लेखनिकाला रीतसर कळवलं की श्री. मगदूम वारले.

"नोंद घेतली," लेखनिकानं लिहिलं. "ते कधी येतील?"

"वारलेला माणूस येत नाही."

"तसं ते म्हणालेत का?"

अफसानानं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. तसं तो म्हणाला नव्हता.

यंत्र बंद करून पाहिलं. चालू केलं की पहिली ओळ यायची, "मागील सभा अपूर्ण आहे." आणि एक मीटिंग अपूर्ण असताना दुसरी सुरू होत नाही, हा नियम तर साहेबांनीच घातलेला. नियमातच खाली तोडही दिली होती. ज्याला उद्देशून "येतो" म्हटलं, त्यानं स्वतःच्या आवाजात "येणार नाही" असं सांगितलं, की नाव कमी.

सगळ्यांना हायसं वाटलं. तातोबा खोत म्हणजे तोंडावर बोलणारा गडी. पाटोळे साहेबांच्या लग्नात त्यानं नवरीच्या बापाला सांगितलं होतं की जिलबी कालची हाय. त्याला दोन शब्दांचं काय जड?

"अण्णा, तेवढं बोलून टाका," साहेब तातोबाला म्हणाले.

"काय?"

"कलगोंडा मगदूम येणार नाहीत. बास."

"तुम्हाला कुणी सांगितलं येणार न्हाई म्हणून?"

"अण्णा, तुम्ही खांदा दिलाय त्यांना."

"दिला की. तो वेगळा विषय. मला तो काय म्हणाला? येतो म्हणाला. येतो म्हणून कलगोंड्या आला न्हाई, असं एकदा तरी झालंय का? विचारा तुमच्या कारकुनाला."

लेखनिकानं लिहिलं, "असे झाल्याची नोंद नाही. तातोबा खोत, शिव्या: शून्य."

ते शून्य बघून अफसानानं साहेबांना खुणेनंच सांगितलं, आता राहू द्या.

तर मीटिंग चालू राहिली. कामं काही थांबत नाहीत, म्हणून जे निघेल ते "आयत्या वेळचे विषय" या सदरात घ्यायला सुरुवात झाली. जतच्या हमालाला बायकोच्या बाळंतपणाची रजा, सावळजच्या पत्र्याची गळती, गणपतीत आरतीला कोण, सगळं आयत्या वेळी. अफसानाचं लग्न ठरलं, तिच्या अभिनंदनाचा ठराव आयत्या वेळी झाला आणि मुलगा काय करतो यावर चर्चाही झाली. माणसाला सवय काय कशाचीही लागते. मोबाईल ताटाशेजारी ठेवून लोक जेवायचे, आणि लेखनिक लिहायचा, "भाकरी मोडल्याचा आवाज. कुणाची ते स्पष्ट नाही."

तातोबाचा मोबाईल बेदाण्याच्या खोक्यावर उभा असायचा. पडद्यावर चौकटी. एका चौकटीत नुसतंच नाव, कलगोंडा मगदूम, आणि खाली बारीक अक्षरात "बाहेर". पहिले काही दिवस तातोबानं तिकडं बघायचं टाळलं. मग एकदा गोदामाचं दार लावताना तो चौकटीकडं न बघताच म्हणाला, "ऊन लई हाय बाबा." लेखनिकानं लिहिलं, "तातोबा खोत यांनी कलगोंडा मगदूम यांना उन्हाबद्दल माहिती दिली."

पुढं ते रोजचंच झालं. दोघं सावळजच्या गोदामात बरोबरच कामाला लागलेले, एकाच खोक्यावर बसून डबे खाल्लेले. तातोबाच्या डब्यात कांदा-लसूण असायचा म्हणून कलगोंडा वारा बघून बसायचा. मग कंपनीनं त्याला जतला टाकलं आणि भेट राहिली ती सोमवारची. आता मीटिंगच चालू, म्हटल्यावर सोमवारचं काय कौतुक? तातोबा त्याला सांगायचा, पाटोळ्यानं कसा मुडदा पाडलाय कामाचा, नवा हमाल कसा खोक्यापेक्षा स्वतःलाच जास्त जपतो. दिवस मावळतीला आला की म्हणायचा, "चल, झाली वेळ. कोंबडं चाललं खुराड्यात." हे तो कलगोंडाला सदानकदा म्हणायचा. लेखनिकही ते लिहायचा आणि पुढं कंसात, "उत्तर येणे बाकी."

भानगड झाली जतच्या मशीनची. गोदाम थंड ठेवणारं ते मशीन खरखरायला लागलं. त्याला कायमचा माणूस पाहिजे, आणि माणूस नेमता येईना, कारण कागदोपत्री जागा रिकामीच नव्हती. जागेवरचा माणूस बाहेर गेला होता आणि येणार होता. मशीन दिवाळीच्या तोंडावर बंद पडलं तर आतला लोकांचा बेदाणा काळा पडणार. साहेबांनी एक दिवस सावळजच्या गोदामाकडं गाडी पाठवली. गाडीतून उतरली पद्माक्का, कलगोंडाची बायको.

तातोबा उभा राहिला. आता सुटका नाही हे त्याला कळलं. हिनं सांगितलं तर म्हणावं लागणार.

"बसा, वहिनी. खोकं पुसलंय."

पद्माक्का बसली. चष्मा लावून तिनं पडद्यावरची चौकट बघितली, नाव बघितलं, खालचं अक्षर बघितलं.

"बाहेर म्हणजे कुठं?"

"ते लिवलेलं न्हाई."

मिरजेहून साहेबांचा आवाज आला. "अक्का, तुम्हीच सांगा अण्णांना. घरच्या माणसानं सांगितलं की—"

"वहिनी," तातोबा म्हणाला, "तुम्ही सांगत असाल तर म्हणतो. एरवी माझ्या जिभेवर ते यायचं न्हाई."

"मी कशाला सांगू? गाडी आली म्हणून आले. मला आपलं एक विचारायचंय, भावजी. हे येतो म्हणाले, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? नेहमीचंच."

लेखनिकाला कुणी विचारलं नव्हतं, तरी त्यानं ओळ काढून दाखवली. "तातोबा खोत: अरे ए बैला, खोकं उलटं धरलंयस की! (हमालास उद्देशून.) शिवी: एक."

पद्माक्कानं ती ओळ वाचली.

"तेवढ्यात त्या गड्यानं..." तातोबा म्हणाला.

"ते असू दे हो. पण म्हणजे ये म्हणाला न्हाईत." पद्माक्कानं चष्मा काढून पदराला पुसला. "घरात मी 'या' म्हटल्याशिवाय हे चपलेत पाय घालत नव्हते. येतो म्हणून दारातच उभे. मी चुलीपाशी असले, ऐकू आलं नसलं, तरी उभे. आणि तुम्ही पाडव्यापासून माणसाला उंबऱ्यावर ठेवलंय, भावजी."

"अक्का, विषय तो नाही, विषय—" साहेब म्हणाले.

"तुम्ही गप बसा," तातोबा म्हणाला. लेखनिकानं ते लिहिलं. साहेब गप बसले.

तातोबानं घसा साफ केला. येणार नाही हे म्हणणं अवघड होतंच. हेही सोपं नव्हतं. येतो म्हणणाऱ्याला ये म्हणायचं म्हणजे त्याला जाऊ द्यायचं, एवढं आपल्यात सगळ्यांना कळतं आणि कुणी बोलून दाखवत नाही. एकदा ये म्हटलं की पायरी उतरणारा पायरी उतरतो. मग दार लावायचं, आणि मागं कुणाशी बोलायचं नाही. रोज संध्याकाळी ऊन-पाऊस कुणाला सांगायचा? त्यानं चौकटीकडं पाहिलं. पहिल्यांदा नीट पाहिलं.

"ये रे, कलगोंडा," तो म्हणाला. आवाज त्याचा नेहमीचा नव्हता, पण लेखनिकानं ओळखला. "सावकाश ये. दिवस हाय अजून."

लेखनिकानं लिहिलं. मग पडद्यावर दाराची घंटी वाजते तसं वाजलं आणि ओळ आली, "कलगोंडा मगदूम आत येऊ इच्छितात. आत घ्यावे?"

"अण्णा, ते हिरवं बटण," अफसाना हळूच म्हणाली.

"दिसतंय मला. आंधळा न्हाई मी." त्यानं बेदाण्यानं चिकट झालेलं बोट धोतराला पुसलं आणि बटण दाबलं.

चौकट उघडली. दिसत होतं ते छत. खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या टोपीची कड तेवढी येत-जात होती.

"हे आमच्या घराचं छत न्हाई," पद्माक्का म्हणाली.

"मोबाईल खाली घे," तातोबा ओरडला. "खाली! तोंड दिसू दे की जरा!"

छत थरथरलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं.

"कलगोंडा मगदूम आले," लेखनिकानं लिहिलं. "सर्व सदस्य उपस्थित. सभा समाप्त करावी?"

"हो, हो, करा," साहेब म्हणाले.

"ओ साहेब, आत्ता आलाय माणूस. लांबनं आलाय. आला की लगेच उठायचं व्हय?"

साहेबांनी विचार केला. तातोबाचं म्हणणं रीतीला धरून होतं. शिवाय मशीनवरचा माणूसच आता समोर हजर म्हटल्यावर, त्याच्या जागी कोण नेमावा हे त्यालाच विचारणं योग्य होतं. साहेबांनी तो विषय आयत्या वेळी घेतला.

"मगदूम, जतच्या मशीनचं काय करायचं? तुम्हीच सांगा."

छत स्थिर झालं. कोण तरी खाकरलं. अफसानानं कानातला इअरफोन घट्ट दाबला, आणि पद्माक्का पदर सावरून खोक्यावर पाय वर घेऊन बसली.

कलगोंडा सांगायला लागला. तो काहीही मुळापासून सांगतो, आधी तेल, मग पट्टा, मग मशीन बसवायला आलेल्या माणसाचं गाव. वेळ लागणार होता. तातोबानं पद्माक्काला चहा सांगितला आणि स्वतः समोरचं खोकं ओढून घेतलं.