नामाभाऊंच्या फोनातल्या एकतीस बाया

मोबाइलवर मेसेज आला की आमचे नामाभाऊ संडासात जातात. आत जाऊन कडी लावतात, चष्मा पुसतात, मेसेज वाचतात आणि बाहेर येऊन हात धुतात. बडनेऱ्याला रेल्वेत पॉइंट्समन म्हणून त्यांची हयात गेली. बायको जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. घरात एकटा जीव, तरी कडी! विचारलं तर म्हणतात, "लोकायची अब्रू हाये, गुरुजी. भिताडालेही दिसू नये."

ही अब्रू त्यांच्या फोनात शिरली ती एका सरकारी शिबिरात. वस्तीतल्या बाया भाजीच्या अन् फुलांच्या वाफ्यांतून चिखलाच्या पायांनी तशाच आल्या होत्या. आरोग्याचं ऑनलाइन खातं काढायला मोबाइल नंबर हवा, आणि घरातला एकुलता एक फोन नवऱ्याच्या खिशात. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "कोनाचाही टाका, चालते." भाऊ तिथं खुर्च्या लावायला गेले होते. मदतीला ते नेहमीच एका पायावर तयार. एकीला नंबर दिला, मग एकतीस जणींना दिला.

तेव्हापासून वस्तीतली साखर, रक्तदाब, गर्भपिशव्या, सगळं भाऊंकडे येऊ लागलं. "शांताबाई, लोनचं आवरा जरा," असं ते दारातूनच ओरडत. भाऊंना नाडी न धरता कळतं, अशी बायांची पक्की समजूत झाली.

आपला नंबर काढून टाका म्हणून भाऊ अमरावतीच्या कार्यालयात दोनदा जाऊन आले. साहेब म्हणाले, ज्याचं खातं त्याच्या नंबरवर ओटीपी जातो, तो सांगा.

"तो माह्याच फोनवर येते ना, साहेब!"

"मग तुम्हीच बदला."

भाऊ परत आले ते पांढरेफटक होऊन. "गुरुजी, मी सध्या एकतीस बाया हाओ. त्यायच्या नावानं मी काहीही करू शकतो. कोनी इचारतच नाही!"

मी म्हटलं, नवऱ्यांचे नंबर टाका आणि मोकळे व्हा. भाऊ माझ्याकडे रागानं पाहत राहिले. "नवऱ्याले काहून सारं कळावं?" मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मग शेवंती पिकवणाऱ्या सुमनबाईंच्या वर्षाला अकोल्याचं स्थळ आलं. मुलाचा होकार होता. अडून बसला होता त्याचा मामा. हे गृहस्थ पेढ्यांचा पुडा घेऊन थेट चहाच्या टपरीवर भाऊंच्या शेजारी येऊन बसले. मी समोरच होतो.

"सारी वस्ती तुमच्या फोनात हाये म्हनतात. पोट्टीचं नाव टाका, ओटीपी तुमालेच येते. काही आजार नसन तं उद्याच कुंकू लावतो."

"ते तिले इचारा," भाऊ म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. तो टेबलावरच होता, आणि संडास लांब होता. मामांनी मान वाकडी करून वाचलं, 'आज क्षयरोगाची गोळी घेतली का?'

"कोनाची हाये हे गोळी?"

भाऊंनी फोन उपडा ठेवला. "माही," ते म्हणाले. "मले टीबी हाये." आणि वर खोकून दाखवलं.

मामा ताडकन उठले. नाकाला रुमाल लावून जे निघाले, ते मुलीचं विचारायचंच विसरले. दुसऱ्या दिवशी कुंकू लागलं, लग्न ठरलं.

इकडे भाऊंना कुणी 'या, बसा' म्हणेना. दिवसाचे चार चहा चार घरी, एवढाच त्या माणसाचा संसार, तो बंद पडला. आमच्याही घरात त्यांची कपबशी वेगळी झाली. मी ते पाहिलं आणि काही बोललो नाही. वर्षाच्या लग्नात ते मांडवाबाहेर पाण्याच्या टँकरजवळ एकटे जेवले.

लग्नानंतर वर्षा पहिल्यांदा माहेरी आली, ती सासरी परतायच्या दिवशी भाऊंच्या ओट्यावर आली. मी तिथंच उभा होतो. पाया पडली आणि रडायलाच लागली.

"गुरुजी, ते गोळी माही होती. आता कोर्स झाला, मी बरी हाये. माह्या नवऱ्याले तं मी पयल्याच भेटीत सांगतलं होतं. पन मामांनी ऐकलं असतं तं लग्न मोडलं असतं. भाऊनं मले बोलूच देल्लं नाही, शपथ घातली."

ती घरी गेल्यावर मला भाऊंकडे पाहवेना. "आम्हाला तरी सांगायचं!" मी म्हटलं.

"तिचं होतं ते, गुरुजी. तिनं सांगावं."

मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी ओट्यावर त्यांना अगदी चिकटून बसलो. म्हटलं, चला, घरी चहा घेऊ. भाऊंचे डोळे भरून आले. उठायला म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याच वेळी वर्षाला न्यायला आलेली मामांची गाडी कोपऱ्यावर वळली.

भाऊंनी हात झटकन काढून घेतला. तोंडाला रुमाल लावला आणि कंबरेतून वाकून खोकू लागले.

"सरका, गुरुजी," खोकता खोकता ते पुटपुटले. "लांब सरका. मामा पाहून राह्यला."

मी दोन हात लांब सरकून बसलो.