सावल्या विनापरवानगी बंद केल्याबाबत

अल्लीपूरच्या गुंजनकडे कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला एक साधा लॅपटॉप होता. त्यावर मोटार-शर्यतीचा गेम चालवणं म्हणजे बकरीला नांगराला जुंपणं. तीन वर्षांत गुंजनने त्यावर तोड काढली होती. तिने आधी गेममधलं गवत बंद केलं, मग पाऊस, मग प्रेक्षक आणि शेवटी सावल्या. गाडी आणि रस्ता एवढंच उरलं, पण गाडी वाऱ्यासारखी पळायची.

तिचे वडील हिरालाल मागे उभे राहून म्हणायचे, "दुनिया बंद करून टाकली पोरीनं."

वर्ध्याच्या जिल्हा अंकीय क्रीडा प्रोत्साहन कक्षाने व्हिडिओ गेमची स्पर्धा जाहीर केली. पहिल्या येणाऱ्याला नागपूरच्या विभागीय संघात जागा होती. गुंजन सकाळच्या एसटीने पोहोचली. स्वतःचं यंत्र आणायला मनाई होती, कारण कक्षाने बारा लॅपटॉप रीतसर निविदा काढून घेतले होते. निविदेतल्या अटी कडक होत्या: रंग काळा, पडदा रुंद, झाकण पूर्ण मिटणारं.

या लॅपटॉपना गेमची चित्रं पेलणारं ग्राफिक्स कार्ड नाही, हे कक्षाच्या उशिरा लक्षात आलं होतं. तेव्हा 'बारा कार्डे तातडीने पुरवावीत' असं पत्र गेलं. पुरवठादाराने बारा ओळखपत्रं लॅमिनेट करून, गळ्यात घालायच्या दोऱ्यांसकट पाठवली. ती एकेका लॅपटॉपला अडकवून 'कार्ड प्राप्त' असा शेरा मारण्यात आला.

शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच वळणावर बाराही गाड्या थिजल्या. एक तर हवेतच राहिली. गुंजनचा हात सवयीने सेटिंगमध्ये गेला. सावल्या बंद होताच तिची गाडी निघाली आणि सहा मिनिटांत अंतिम रेषा ओलांडून गेली.

पंच होते वासुदेवराव, निवृत्त कबड्डीपंच. ते शांतपणे जवळ आले.

"सावल्या कोणाले विचारून बंद केल्या?"

"सर, गेम अडकून राह्यला होता. सावल्या काढल्या का चालते."

"बाकीच्यांच्या सावल्या चालूच आहेत. मग तुले जास्तीची सवलत झाली का नाई?"

"मग त्यायलेही काढू द्या ना."

"गेम कक्षाच्या मालकीचा आहे, म्हणजे सावल्याही कक्षाच्या. त्या काढायले वरून मंजुरी लागते."

"पण सर, शर्यत तर मीच पूर्ण केली."

"तेच तर सांगून राह्यलो. बाकी अकरा जण नियमात आहेत."

निकाल लागला. नियमात अडकलेल्या अकरा जणांना विभागून पहिला क्रमांक मिळाला. हवेतल्या गाडीवाल्याला उंचीचे गुण धरून नागपूरची जागा देण्यात आली. गुंजनकडून खुलासा लिहून घेतला. तिने कागद गुडघ्यावर ठेवून सही केली, आणि अक्षर वाईट असल्याची वेगळी नोंद झाली.

संध्याकाळी हिरालालनी विचारलं, "काय झालं बेटा?"

"पह्यली आली बाबा. म्हणून काढून टाकलं."

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या मोबाइल ग्रुपवर अकरा विजेत्यांचा फोटो आला. मागे अकरा पडदे, त्यांवर अकरा थिजलेल्या गाड्या. गुंजनने खाली लिहिलं, 'यातली एकही गाडी शेवटपर्यंत पोहोचली नाही.' पाच मिनिटांत तिला ग्रुपमधून काढलं. कारण दिलं होतं: चांगल्या कामात राजकारण नको.

फोटोखाली दोनशे चौदा अभिनंदनं जमली. मोठा करून तो कोणीच पाहिला नव्हता. त्यातलं सतरावं अभिनंदन, हात जोडलेल्या चित्रासह, तुमचं होतं.