तडा स्थिर आहे

अभिलेख कक्षात एक खिडकी, दोन टेबले, चार हजार एकशे सहा फायली आणि उत्तरेच्या भिंतीत एक तडा होता. तड्याखाली दफ्तर सांभाळणाऱ्या मावशी बसत. त्यांच्या निवृत्तीला अकरा आठवडे उरले होते.

मुख्य अभियंता साहेबांचा सिद्धांत मंजूर होता : तडा स्थिर आहे. त्यामागे तीन गृहीतके होती. तडा फक्त गिलाव्यात आहे, थंडीत तो मिटतो आणि त्यावर आडवी चिकटवलेली काचपट्टी तुटणार नाही. सिद्धांत खोटा ठरल्याशिवाय मावशींना खोली बदलून मिळणार नव्हती. तपासणीसाठी नुकतीच पदवीधर झालेली एक मुलगी हंगामी नेमली गेली.

तिने पहिल्याच दिवशी तड्यात फूटपट्टी सरकवली. टोक पलीकडच्या खोलीतल्या टंकलेखकाच्या कानाजवळ निघाले.

"म्हणजे गिलाव्यात आहेच, शिवाय विटांतही आहे," साहेब म्हणाले. "सिद्धांताची व्याप्ती वाढली. छान."

थंडी पडली. तडा चार मिलिमीटरने रुंदावला. साहेबांनी शेरा मारला : थंडी अपुरी.

पाचव्या आठवड्यात काचपट्टी तुटली. मुलगी तुकडे कागदावर घेऊन धावत गेली.

"काच तुटणारच," साहेब म्हणाले. "न तुटणारं काही लावा."

"पण साहेब, ती तुटली तरच तडा वाढला हे कळतं ना?"

"सदोष साधनापायी सिद्धांत मोडीत काढायचा? हेच शिकलात का कॉलेजात?"

याचे उत्तर तिला जिना उतरताना सुचले. तोवर रबराची पट्टी मंजूर झाली होती.

"पोरी, साहेबांना तासभर माझ्या खुर्चीत बसव," मावशी म्हणाल्या. "सिद्धांत आपोआप सुधारेल."

साहेब पाहणीला आले आणि उंबऱ्यातच थांबले. "इथून स्पष्ट दिसतंय."

मुलगी दर सोमवारी नोंदवहीत लिही : पट्टी अखंड. त्यात एक अक्षर खोटे नव्हते. सही करताना हात आधी अडखळे, मग अडखळेनासा झाला.

अकराव्या आठवड्यात मावशी धडधाकट निवृत्त झाल्या. साहेबांनी हा सिद्धांताचा सर्वांत भक्कम पुरावा मानला. अचूक नोंदींबद्दल मुलीला नोकरीत कायम केले आणि मावशींची रिकामी खुर्ची दिली.

पहिल्या सकाळी तिने खुर्चीत बसूनच हात वर करून पट्टी मोजली. लावताना दहा सेंटिमीटर. आज सतरा. पट्टी अखंड.