बारा गोल आणि एक मापाची वही

"संघाचं दुखणं डोक्यात नाही, पायात नाही. कमरेत आहे!" टेलरकाका म्हणाले आणि त्यांनी सुई टोचावी तसं बोट हवेत टोचलं. "एक दुपार द्या मला. अख्खा संघ सुधारून देतो!"

गोलच्या जाळीमागच्या सिमेंटच्या पायरीवर बसलेल्या बाकीच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कॉलेजच्या फुटबॉल संघाची बरीवाईट चिकित्सा त्या पायरीवर गेली बावीस वर्षं होत आली होती. एका टोकाला न्हावी, ज्याला सगळे वस्तरा म्हणत. दुसऱ्या टोकाला पोस्टमन, नोकरीतून सुटला तरी घरोघर डोकावायची सवय न सुटलेला. मधे टेलरकाका. पायरीला तिघांच्या बसण्याने असे तीन खळगे पडले होते की पावसात तिथे तीन वेगवेगळी तळी साचत, आणि पाणी बघूनच कळे, कोण किती जाड झालंय!

यंदाच्या मोसमाचे तीन सामने झाले होते आणि तिन्ही सामन्यांत संघाने असा मार खाल्ला होता की बघणाऱ्यांची पाठ दुखावी. कारणांबाबत मात्र पायरीवर एकमत नव्हतं.

"तो नऊ नंबर बघा," वस्तरा म्हणाला. "झिपऱ्या डोळ्यांवर! त्याला गोल दिसतच नाही. मी सांगतो, हा सगळा केसांचा घोळ आहे."

"केसांचं काय घेऊन बसलास! पास बघ पास! एकही धड पत्त्यावर पोचत नाही," पोस्टमन म्हणाला. "टाकायचा डावीकडे, जातोय उजवीकडे. मी अशी टपालं वाटली असती तर लोकांनी मला पेटीत कोंबून कुलूप लावलं असतं!"

"तुम्हा दोघांना दिसतच नाही," टेलरकाका म्हणाले. "तो सात नंबर पळताना डावा हात कुठे असतो त्याचा? चड्डीवर! सगळ्यांचा एक हात चड्डीवर. बाहेरगावच्या तयार चड्ड्या, नेफ्यात इलॅस्टिक म्हणून दोरा घातलाय नुसता! चड्डी सांभाळायची की बॉल?"

बोलता बोलता त्यांचा आवाज जरा उतरला, कारण बावीसपैकी एकवीस मोसम हे कपडे त्यांच्याच मशीनवर शिवले गेले होते. यंदा कुणी विचारायलाही आलं नव्हतं. पण टेलरकाकांचं खरं दुखणं तेही नव्हतं.

खरं दुखणं चार तासांच्या अंतरावर राहत होतं. त्यांची लेक. दहा वर्षांची असल्यापासून ती या पायरीवर त्यांच्या शेजारी बसे. मोसमाच्या सुरुवातीला मुलांची मापं घ्यायला काका मैदानात उभे राहत, ते टेप लावून ओरडत, "कंबर अठ्ठावीस!" आणि ती मांडीवरच्या वहीत गोल गोल अक्षरांत लिहून घेई. वर स्वतःचा शेरा! 'बारका आहे, पण उद्धट.' पुढे तिचं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं. आता दर रविवारी सकाळी फोन यायचा. एरवी त्यात दोनच प्रश्न असत. जेवलात का, आणि गुडघा कसा आहे. पण मोसम सुरू झाला की ती विचारायची, "बाबा, काल काय झालं?" आणि मग अर्धा अर्धा तास! टेलरकाका फुटबॉल बघायला जात असं लोक समजत. ते रविवारच्या फोनसाठी माल भरायला जात.

यंदा पहिल्या सामन्याआधी ती सहज म्हणून गेली होती, "संघ जिंकायला लागला ना बाबा, की एक शनिवार येतेच मी."

झालं! इथूनच सगळी शिलाई उसवायला लागली.

पहिल्या रविवारी तिने विचारलं, "काय झालं?"

"चार-शून्य!" टेलरकाका म्हणाले.

"चार? वा वा! काय सांगता!"

आता इथे माणसाने घसा खाकरून सांगावं की नाही, की बाई गं, शून्य आपलं? त्यांनी घसा खाकरला. पण तिकडून ती इतकी मनापासून हसत होती, की ते खाकरून गप्प बसले. दुसऱ्या रविवारी ते म्हणाले, "तीन-एक!" तिसऱ्या रविवारी म्हणाले, "पाच-शून्य!" यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी फक्त कापड उलट्या बाजूने दाखवलं होतं.

"बारा गोल!" लेक ओरडली. "बाबा, आता नाही राहवत. या शनिवारी येते मी सामना बघायला. संध्याकाळी साडेसहाच्या गाडीने परत."

फोन ठेवल्यावर टेलरकाका आधी खूप आनंदले आणि मग हळूहळू त्यांचा चेहरा पाण्यात पडलेल्या नव्या कापडासारखा आटत गेला. शनिवारी संघ जिंकायला हवा होता. निदान बारा गोलवाला संघ वाटायला हवा होता!

म्हणून ती कमरेची घोषणा.

ते तडक संघाच्या सरांकडे गेले. सरांची अवस्था अशी होती, की त्या दिवशी एखाद्याने बॉलमध्ये हवेऐवजी दूध भरा म्हटलं असतं तरी त्यांनी गवळी बोलावला असता. "काका, करा काय करायचं ते! पण मुलांची परीक्षा चालू आहे, मापं द्यायला कुणी येणार नाही."

"मापं हवीत कुणाला?" टेलरकाका रुबाबात म्हणाले. "कॉलेजच्या संघाची मापं माझ्या वहीत आहेत!"

ते ऐकून वस्तऱ्यालाही चेव आला. त्याने परीक्षेहून परतणाऱ्या नऊ नंबरला रस्त्यातच गाठलं आणि खुर्चीत बसवून त्याचं डोकं असं साफ केलं की पोराच्या आईने दार उघडून विचारलं, "कोण पाहिजे?"

शुक्रवारी दुपारी चड्ड्यांचं गाठोडं दुकानात आलं. टेलरकाकांनी वही काढली. आता जुन्या वहीचा एक स्वभाव असतो. जे पान आपण सारखं उघडतो, तिथेच ती आपणहून उघडते. ही वहीही उघडली. 'कॉलेज संघ' असं वर गोल अक्षरांत लिहिलेलं. साल लिहिलेलं नव्हतं. दहा वर्षांच्या पोरीला साल लिहायचं कशाला सुचतंय! टेलरकाकांच्या डोळ्यांसमोर उद्याची पायरी होती आणि पायरीवर तीनऐवजी चार माणसं होती. 'सात नंबर, कंबर सव्वीस. फार पळतो, शेंगदाणे देत नाही.' ते गालात हसले आणि कात्री चालवत सुटले. सगळ्या चड्ड्या उसवल्या, जास्तीचं कापड कापून टाकलं, नेफ्यात असं इलॅस्टिक ओवलं की त्याने ट्रक ओढता आला असता, आणि दुहेरी टीप मारली. आयुष्यात इतकं मन लावून काम त्यांनी केलं नव्हतं.

शनिवारी लेक आली. जरा जाड झाली होती, चष्मा लागला होता. पायरीवर वस्तरा आणि पोस्टमन सरकून बसले. "ये बाई, ये! तुझी जागा आम्ही कुणाला दिली नाही!" पोस्टमन म्हणाला. खरं म्हणजे मागणारंच कुणी नव्हतं!

"काका, फाटकापाशी फळा आहे ना, त्यावर आपण सगळ्यात खाली आहोत," ती पोस्टमनला म्हणाली.

"तो फळा," टेलरकाका घाईने म्हणाले, "खालून वर वाचायचा असतो!"

तेवढ्यात संघ मैदानात आला. आला म्हणजे काय, चिमट्यासारखा पाय न वाकवता एकेक जण बगळ्याच्या चालीने आला! गोलकीपरचं टोपणनाव कपाट. वहीतला गोलकीपर मात्र काडीपैलवान होता. त्याच्या मापात हे कपाट कसं बसलं ते त्यालाच ठाऊक. चेहरा लाल, श्वास छातीतच अडकलेला.

टेलरकाकांनी एकदा कपाटाकडे बघितलं. एकदा हातातल्या वहीकडे बघितलं. आणि ती घाईने मिटली. पंधरा वर्षांपूर्वीचं पान!

शिट्टी झाली. पाचव्या मिनिटाला चार नंबर बॉलसाठी घसरला आणि आवाज आला, चर्रर्र! टेलरकाकांनी डोळे मिटले. मग दहा नंबर, चर्रर्र! मग दोन आणि तीन एकदम, चर्रर्र-चर्रर्र! नऊ नंबरची चड्डी शाबूत होती, पण तासलेल्या डोक्यामुळे तो समोरच्या संघाचा वाटून त्याचेच सोबती त्याला पास देईनात. "अरे मीच आहे!" असं ओरडत तो एकटाच मैदानभर फिरत होता.

मध्यंतरापर्यंत आठ चड्ड्या मागून उसवल्या; समोरचे हसण्यातच गुंगल्यामुळे गोल तेवढा झाला नाही. आत सगळ्यांचं नीट होतं, पण लाज ती लाज! आता कुणीच प्रेक्षकांकडे पाठ करीना. एकेक जण मागे सरकू लागला, सरकत सरकत गोलच्या रेषेवर आला आणि जाळीला पाठ लावून उभा राहिला. दुसऱ्या अर्ध्यात अख्खा संघ खांद्याला खांदा लावून गोलमध्ये! जाळीमागे होते फक्त हे चौघं. त्यांच्यापासून काय लपवायचं? ते घरचेच!

समोरच्या संघाने बॉल मारला की तो कुणाच्या तरी छातीवर, गुडघ्यावर, नाकावर आपटून परत. मारला की परत! कपाट तर वाकूच शकत नव्हतं, नुसतं उभं राहून चार गोल अडवून बसलं. पंच नियमांचं पुस्तक चाळत होते; त्यात चड्डीबद्दल काही सापडेना.

लेक हसत होती. चष्मा काढून, डोळे पुसून, पोस्टमनच्या पाठीत गुद्दे घालून हसत होती. टेलरकाका मात्र वही छातीशी धरून बसले होते. तिने हसता हसता ती ओढून घेतली आणि उघडली. वही त्याच पानावर उघडली.

ती हसायची थांबली.

"बाबा, हे माझं अक्षर आहे. या मापाने कापल्यात तुम्ही चड्ड्या?"

"चुकून," टेलरकाका म्हणाले.

"अहो, या सात नंबरला आता टक्कल पडलंय! दोन मुलं आहेत त्याला!" तिने पानावरून बोट फिरवलं. पानाचा कोपरा हाताळून हाताळून लुगदी झाला होता. तिने तो नीट केला. "आणि ते बारा गोल?"

"झाले ना बारा," टेलरकाका जमिनीकडे बघत म्हणाले. "आपल्यावर झाले. तू संघ जिंकल्यावर येणार होतीस."

"हरलो म्हणाला असतात, तर पहिल्याच शनिवारी आले असते."

तेवढ्यात शेवटची शिट्टी झाली. शून्य-शून्य! मोसमातला पहिला गुण! सर धावत आले आणि टेलरकाकांना मिठी मारून म्हणाले, "काका, काय बचाव बसवलात! पण पुढच्या शनिवारी मुलांना थोडं पळायचंय. नीट मापं घ्या आता."

साडेपाच वाजले होते. टेलरकाकांनी खिशातली टेप काढून गळ्यात टाकली. लेकीने वहीचं कोरं पान उघडलं, वर 'कॉलेज संघ' लिहिलं, आणि या वेळी साल घातलं.

"कंबर चाळीस!" टेलरकाका ओरडले.

"चाळीस. कपाट. शेरा, दार लागत नाही," ती लिहीत म्हणाली.

अकरा जण झाले. मग राखीव झाले. मग सर झाले. "सर कशाला?" "असू दे, लिही." मग वस्तरा आणि पोस्टमन झाले. मग टेलरकाकांनी हात धरून एका उंच पोराला पुढे ओढलं.

"बाबा, हा समोरच्या संघातला आहे."

"असू दे, लिही. छाती छत्तीस!"

असे समोरचे अकराही झाले. पंच सायकलवर बसून निघाले होते. त्यांनाही उतरवून हात वर करायला लावलं. तेवढ्यात लांबवर साडेसहाच्या गाडीची शिट्टी झाली आणि गाडी गेली. लेकीने मान वर न करता पंचांचं माप लिहून घेतलं.

"आता तुम्ही," लेक म्हणाली आणि तिने त्यांच्या गळ्यातली टेप काढून घेतली. छातीभोवती लावली. आकडा बघितला. पुन्हा लावली. "बाबा, दोन इंच कमी झालात."

"टेप जुनी आहे," टेलरकाका म्हणाले. "ताणली गेलीय."

ती आठच्या गाडीने गेली.

पुढचा आठवडाभर टेलरकाकांनी मशीनवरून मान वर केली नाही. शनिवारी संघ उतरला तो कसा! एकेक चड्डी अशी बसली होती की बघत राहावं. कुणाचा हात कमरेवर नाही, कुठे चुणी नाही, झोळ नाही. दुखणं कमरेत होतं ते मुळासकट गेलं होतं! आणि अशा नेटक्या, देखण्या संघाने त्या दिवशी सहा गोल खाल्ले.

रविवारी सकाळी फोन वाजला.

"बाबा, काल काय झालं?"

"सहा-शून्य!"

पलीकडून खुदकन हसू आलं. मग लेक म्हणाली, "सहा? वा वा! मग या शनिवारी यायलाच हवं मला."

कुणाचे सहा, ते तिने विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी टेलरकाका पायरीवर आले ते शीळ घालतच. "वस्तऱ्या," ते आपल्या खळग्यात ऐसपैस बसत म्हणाले, "माझा अंदाज विचारशील, तर यंदा संघ भलताच रंगात आहे. असाच मार खात राहिला ना, तर पोरगी महिन्यातून दोनदा येईल!"