एकशे अठ्ठ्याऐंशी टक्के

दादाचं यंत्र चार्ज करायचं काम मी स्वतःहून मागून घेतलं, हे आधीच कबूल करतो. (मला आपणहून काम द्यायला कुणी धजत नाही.)

माझा मोठा भाऊ अपोरोसा आंधळा आहे. त्याचं ब्रेलचं यंत्र वहीएवढं असेल. त्याला पडदा नाही, आवाज नाही, फक्त कडेला बारीक टाचण्यांची एक ओळ. टाचण्या वर-खाली होतात आणि त्यांच्यावर बोट फिरवून दादा वाचतो. ते यंत्र चार्जिंगला लावायचं काम आईचं होतं. आई गेल्यावर ते कितीतरी दिवस मरून पडलं होतं. त्याच्याकडे नजर गेली की मी दुसरीकडे बघायचो. म्हणून म्हटलं, यापुढे हे काम माझं.

त्या दिवशी आईची शंभरावी रात्र, म्हणजे सुतक उतरायचा दिवस. अकरा वाजता चर्चमध्ये दादा आईबद्दल लिहिलेलं वाचणार होता. आणि ते लिहिलेलं फक्त त्या यंत्रात होतं.

"मी गाण्याच्या तालमीला चाललो," दादा सकाळी म्हणाला. "छपरावरच्या सोलरला लावून ठेवलंय. ही दोन बटणं एकदम दाबलीस की किती टक्के झालं ते वर येईल. शंभर झालं की काढ आणि चर्चमध्ये घेऊन ये. आकडे येतात ना तुला?"

"मला? घरातल्या डब्यांच्या चिठ्ठ्यांवर तुझ्यासाठी आकडे कोण टोचतं?"

हे मात्र खरं होतं. आईनं मला ब्रेलची पाटी आणि टोच्या देऊन कागदावर ठिपके टोचायला शिकवलं होतं. अक्षरांच्या वाटेला मी गेलो नाही (शाळेशीही माझं असंच बिनसलं), पण दहाही आकडे पक्के.

नऊ वाजता बटणं दाबली, बोट फिरवलं. पन्नास!

बाहेर ऊन रणरणतंय आणि यंत्र निम्मंच भरलेलं! म्हणजे सोलर बिघडला. शांतपणे विचार करावा असं मला क्षणभर वाटलं, पण तोवर मी यंत्र घेऊन पळत सुटलो होतो. थेट मामेभावाकडे, सिकेलीकडे. त्याच्याकडे जनरेटर आहे. आमच्यात मामेभावाला टिंगल करायची पूर्ण मुभा असते, आणि सिकेली त्यात एकही दिवस सुट्टी घेत नाही.

"सिकेली, फ्रीजरची पिन काढ!"

"का रे नेतानी, आत बसायचंय?"

"दादाचं यंत्र पन्नासवर अडकलंय."

"आणि तुझी अक्कल? ती कितीवर आहे?"

पण आईचं नाव काढल्यावर त्यानं पिन काढली. जेवणावळीचे सगळे मासे उपसून बर्फाच्या पेटीत भरले. आम्ही वीस मिनिटं थांबलो. मी पुन्हा बोट फिरवलं.

"पंचावन्न!"

सिकेली बोटांवर मोजायला लागला. "म्हणजे शंभर व्हायला... चर्च सुटेल, लोक जेवतील, ढेकर देतील, मग होईल."

"जोर वाढव ना त्या जनरेटरचा!"

त्यानं वाढवला. जनरेटर असा काही गरजला की शेजारच्या कोंबड्या झाडावर जाऊन बसल्या. थोड्या वेळानं मी बटणं दाबली आणि बोट फिरवलं. एक. आठ. आठ.

"एकशे अठ्ठ्याऐंशी," मी कसाबसा म्हणालो.

"शंभराच्या वर असतं का?"

"नसतं."

"मग फुटणार!" सिकेली फ्रीजरच्या मागे आडवा झाला. "फेक ते समुद्रात!"

"आईचं सगळं त्यात आहे!" मी ओरडलो आणि यंत्र पोटाशी धरलं. (फुटणारी वस्तू पोटाशी धरायची नसते, हे नंतर सुचलं.) मग सिकेलीच्या घरातली प्लास्टिकची पिशवी घेतली, यंत्र आत घातलं, दोन गाठी मारल्या आणि बर्फाच्या पेटीत दोन जाड्या माशांच्या मधे खुपसून झाकण लावलं. झाकणावर मी बसलो.

बराच वेळ काहीच फुटलं नाही. जनरेटरच्या आवाजाच्या रोखानं काठी टेकत दादा मात्र आला.

"अरे, लोक जमलेत. यंत्र कुठाय?"

"माशांत," मी म्हणालो.

मग सगळं सांगावं लागलं. दादानं पिशवी सोडली, बटणं दाबली, बोट फिरवलं.

"शंभर."

"एकशे अठ्ठ्याऐंशी, दादा!"

दादा थबकला आणि एकदम खो खो हसत सुटला. "गाढवा, टोचताना तू कागदाच्या पाठीमागून टोचतोस. तिथं सगळं उलटं असतं, आरशातल्यासारखं. वाचायचं ते पुढून! तू शून्याला आठ म्हणतोयस, आठाला शून्य आणि नवाला पाच. आजवर स्वतःचं टोचलेलं कधी वाचून बघितलं नाहीस?"

"मी कशाला वाचू? मी टोचायचो, तू वाचायचास."

"मग पन्नास होते तेव्हा..." सिकेलीनं विचारलं.

"अठ्ठ्याण्णव."

सिकेलीनं माझ्याकडे बघितलं, फ्रीजरकडे बघितलं आणि मासे परत भरायला लागला. टिंगलसुद्धा केली नाही. इतका कमीपणा मला कधी वाटला नव्हता.

तिथून आम्ही धावतच चर्च गाठलं. यंत्र नुसतं बर्फ झालं होतं. दादा दोन ओळी वाचायचा, बोटं बधिर व्हायची, की थांबून हात काखेत घालायचा. खरं कारण मला आणि सिकेलीला ठाऊक. बाकीच्यांना वाटलं, गहिवर. दादा थांबला की बायका हुंदके द्यायच्या. अपोरोसानं किती मनापासून वाचलं, असं गावात अजून म्हणतात.

शेवटी तो म्हणाला, "जायच्या आदल्या दिवशी आईनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, अपोरोसा, माझ्या नेतानीला..."

आणि थांबला. हात काखेत गेला.

सगळं चर्च माझ्याकडे वळलं. शंभर दिवसांत मी कुणासमोर रडलो नव्हतो. खरं कारण ठाऊक असूनही मला आवरलं नाही. मी असा काही हंबरडा फोडला की पुढच्या बाकावरचे म्हातारेही डोळे पुसायला लागले.

दादानं बोट पुन्हा टाचण्यांवर ठेवलं.

"...विजेच्या कुठल्याही वस्तूला हात लावू देऊ नकोस."

शंभर दिवसांनी सगळं गाव पहिल्यांदा पोट धरून हसलं. माझा पुढचा हुंदका तेव्हा निम्मा बाहेर आला होता, आणि एवढ्या लोकांदेखत तो परत आत कसा घ्यायचा हे मला कुणीच शिकवलेलं नव्हतं.