न बसणारी काजळी

डोंगरवार सर दुपारी बारा वाजता बाटल्यांची हजेरी घेतात.

केशोरीतल्या त्यांच्या घराच्या ओसरीवर एक लांब फळी आहे. तिच्यावर काचेच्या बाटल्या ओळीनं उभ्या, आणि सगळ्यांत काळं तेल. सर वही घेऊन समोर उभे राहतात आणि वर्गात पुकारावं तसं पुकारतात, "एक." मग वाकून बाटलीचा तळ बघतात. तळाशी गाळ नसेल तर स्वतःच, जरा बारीक आवाजात म्हणतात, "हजर सर." गाळ दिसला तर वहीत फुली मारतात आणि ती बाटली भिंतीकडे तोंड करून ठेवतात. बाटलीचं तोंड कोणत्या बाजूला असतं, हे मी एकदा विचारलं होतं.

"तिले माहीत हाये," सर म्हणाले.

फळीच्या टोकाला लोणच्याची एक मोठी काचेची बरणी होती, तिच्यातही तेच काळं तेल. तिच्यावर आकडा नव्हता. तिच्यासमोर सर थांबत, काही पुकारत नसत, आणि तरीही उत्तर आल्यासारखी मान हलवून आत जात. मे महिन्यातल्या दुपारी केशोरीत रस्त्यावर कुत्रंही नसतं. तशा शांततेत ती हललेली मान मी शेजारच्या माझ्या खिडकीतून पाहिली आहे. मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं काढणारा माणूस. तरी त्या दिवशी मी खिडकी लावून घेतली.

आमच्या घरात वडिलांच्या काळापासून धान कमी आणि पत्रकं जास्त. मी अक्षरं शिकलो तीच 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवरून. त्यामुळे सरांच्या घराबद्दल गावात कुजबुज सुरू झाली तेव्हा, हे आपलंच काम, असं मला वाटणं साहजिक होतं. पण आधी सरांचं काम सांगायला हवं.

सरांनी नागपूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवण्यात उमर घालवली. संशोधन उन्हाचं. तेलात काळे कण मिसळायचे, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. ते तेल काचेच्या नळीतून फिरवायचं आणि नळीमागे वाकवलेला आरसा लावायचा. कण ऊन पितात, तेल तापतं, आणि त्या तेलाच्या उष्णतेवर विस्तवाशिवाय पाणी उकळतं. अशा तेलाला नॅनोफ्लुइड म्हणतात. सरांच्या घराण्यानं गावाचा तलाव बांधला होता. सर म्हणत, "आज्यानं पानी अडवलं, मी ऊन अडवून राहिलो."

अडचण एकच. कण बसतात. एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाला जातात. मग तेल नुसतं तेल राहतं. त्यामुळे 'बसणे' हे क्रियापद सरांनी घरातून हद्दपार केलं होतं. पाहुण्याला ते "या, टेका" म्हणत. आवाज बसलेल्या माणसाशी बोलत नसत. मी एकदा त्यांना संघटनेचं महत्त्व सांगत होतो. सर शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुमचं बी माझ्या कणांवानीच हाये बाबू. एकत्र येता, अन् बसता."

मी पत्रकांचा गठ्ठा उचलून घरी आलो.

कण सुटे ठेवण्यासाठी सरांकडे एक यंत्र होतं. पाणी भरलेला स्टीलचा डबा, त्यात बाटली ठेवायची आणि ध्वनिलहरींनी हलवायची. त्याचा आवाज कानाला जेमतेम कळे. बारीक आणि लांबलचक, कुणी तोंडात पदर धरून रडावं तसा. रोज दुपारी तो भिंतीतून झिरपायचा. सरांच्या पत्नी शेवंताकाकू जाऊन दोन वर्षं झाली होती. गावानं दोन आणि दोन चार केले. बरणीत शेवंताची राख आहे, मास्तर ती बसू देत नाही, म्हणून ती रडते.

मी ते यंत्र पाहिलं होतं, त्याची विजेची पिनही पाहिली होती. वीज गेलेली असतानाही तो आवाज मला दोनदा ऐकू आला, याचा उल्लेख मात्र मी पत्रकात केला नाही.

ही नुसती कुजबुज असती तर सरांचं काही अडलं नसतं. पण उन्हावर वाफ करण्याची ती सगळी मांडणी त्यांनी बचत गटाच्या बायकांसाठी केली होती. त्या बायका उसना तांदूळ करतात, म्हणजे आधी धान वाफेवर उकडायचं आणि मग सुकवून कांडायचं. उकडण्यासाठी मोठ्या चुलीवर दिवसभर तूस जाळायचा आणि दिवसभर धूर खायचा. सरांनी त्यांच्या कामाच्या छपराशेजारी आरसे लावले, नळ्या जोडल्या, वाफेचा पाइप पिंपापर्यंत नेला. फक्त बायकांनी हो म्हणायचं राहिलं होतं. आणि गटाची अध्यक्ष होती मंजुळाबाई, सरांची थोरली बहीण. शेवंताकाकूंच्या तेराव्यापासून ती सरांशी बोलत नव्हती.

मी पत्रक काढलं. मथळा, 'डोंगरवार सरांच्या घरी भूत नाही'. बाजारात वाटलं, एसटीत वाटलं. दोन दिवसांनी सौंदडहून एक कुटुंब भूत बघायला आलं.

मंजुळाबाईनं मला रस्त्यात गाठलं. "काऊन गा पत्रकवाल्या, कोनी सांगतलं होतं तुले? अर्ध्या गावाले ठाऊकच नोतं."

"मावशी, मी विज्ञान सांगितलं."

"तुजं इग्यान ठेव खिशात. चाल संगं. मले त्याले एक गोष्ट पुसाची हाये."

भर दुपारी आम्ही सरांच्या ओसरीवर गेलो. नुकतीच हजेरी संपली होती. भावापासून तीन हातांवर उभी राहून मंजुळाबाई मला म्हणाली, "पूस त्याले, शेवंताले त्या बरणीत कायले कोंडून ठेवलंस?"

मी सरांकडे वळलो. "सर, मावशी विचारतात—"

"आयकलं मी. सांग तिले, राख नाही ती. राख तं मी वैनगंगेत सोडली."

"मंग काय हाये?"

सर बरणीकडे वळले. मग पहिल्यांदाच माझ्या डोक्यावरून थेट बहिणीशी बोलले.

"सैपाकघराच्या आढ्याची काजळी हाये, बाई. शेवंता गेल्यावर म्या खरवडून काढली. तीस वर्स ते त्या चुलीपाशी होती अन् मी नागपुरात उन्हावर पानी तापवून दाखवून राहिलो होतो. शनिवारी येवो, तिच्या हातचं खावो, सोमवारी जावो. डाक्टरनं फोटो दाखवला, छातीत कारे डाग. तो समजावून राहिला होता, अन् मी मनात कणाचा आकार काढून राहिलो होतो."

घरातून तो बारीक आवाज येत होता.

"तिच्या छातीत बसली, तेच काजरी हाये," सर म्हणाले. "बाकीचे समदे कण बसतात. हे एक बसत नाही. कसं केलं, ते मलेच सांगता येत नाही. पुन्हा करून पाहलं, होत नाही."

मला वाटलं, मंजुळाबाई आता रडेल, नाहीतर शिवी देईल. तिनं फळीपाशी जाऊन बरणी उचलली. उन्हाकडे धरून तळ बघितला. काच स्वच्छ होती.

"नळीत हे काऊन नाही ओतलं?"

"संपन मंग."

"हेच म्हनतो मी," मंजुळाबाई म्हणाली. "हे फरीवर उभी राहून कायचं काम करन? तिनं कधी बिनकामाचा दिस काढला काय? ओत."

गटाच्या छपरापर्यंत बरणी सरांनीच नेली. दोन्ही हातांनी, पावलं मोजत, भरलेली घागर न्यावी तशी. ओतताना त्यांचा हात थांबला, आणि मंजुळाबाईनं बुडाला हात लावून बरणी कलती केली. काळं तेल नळीत उतरलं. एका नळीतून दुसरीत, सावकाश, चाहूल घेतल्यासारखं पुढे गेलं. सरांनी आरसे फिरवले. ऊन एका रेघेत गोळा झालं आणि त्या रेघेकडे बघवेना.

आम्ही वाट बघत उभे होतो. गटाच्या बायका दारापाशी जमल्या, आत कुणी येईना. मग पिंपात काहीतरी खदखदलं. ना ठिणगी, ना धूर, आणि वाफ झाकण उचलू लागली. एक बाई दोन पावलं मागे सरली. माझ्याही अंगावर काटा आला, इग्यान खिशात असून.

मंजुळाबाई मात्र पुढे गेली. पिंपापाशी उकिडवी झाली, मान वाकडी करून खाली तोंड नेलं आणि जोरात फुंकर मारली. तिथं फुंकायला काही नव्हतं. मागून कुणीतरी हसलं. तीही जराशी हसली आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं धुराचं पाणी पुसायला पदर डोळ्यांना लावला. मग पदराकडे बघितलं. कोरडा होता.

ती उठली. सर आरशाकडे तोंड करून उभे होते, खांदे हलत होते. तिनं तो पदर भावापुढे धरला.

"घे," ती म्हणाली.