तिसऱ्या घंटेचं दुकान

जळगावात कापडाची दुकानं तेव्हाही पुष्कळ होती, पण तिसरी घंटा झाल्याशिवाय लुगडं न दाखवणारं दुकान एकच. ते आमच्या घराच्या अगदी समोर होतं, हे मी अजूनही फुशारकीनं सांगते.

पहिली घंटा झाली की गिऱ्हाइकांनी चपला काढून गादीवर बसायचं. दुसरी झाली की पोरांनी गप्प व्हायचं आणि बापांनी विड्या विझवायच्या. तिसरी झाली की दुकानाचे मालक उखानाना दोरी ओढायचे. समोरचा रंगवलेला पडदा बांबूला गुंडाळत वर जायचा आणि मागं चौरंगावर एक लुगडं मांडलेलं दिसायचं. एकच. बाकी कपाटं बंद.

"रसिकहो," हातातला गज चोपदाराच्या दंडासारखा आपटत नाना म्हणायचे, "नर्मदातीराहून आपल्या भेटीस येत आहेत... महेश्वरी!"

आणि लोक टाळ्या वाजवायचे हो! लुगड्याला!

भादलीचा एक शेतकरी एकदा धोतरजोडी घ्यायला आला. त्याला नानांनी आधी महेश्वरी, मग इरकली, मग चंद्रकळा अशा तिघींच्या भेटी घडवल्या. धोतराचा प्रवेश चौथा. तोवर बिचाऱ्याची गाडी निघून गेली. पण गडी चिडला नाही. पुढच्या बाजाराला बायको, आई आणि दोन भावजयांना घेऊन आला, आणि येताना डब्यात दशम्या बांधून आणल्या. मध्यंतरात खायला!

खेळ चालू असताना घासाघीस चालायची नाही. "नाना, जरा कमी करा ना," असं कुणी म्हटलं की नाना दुखावल्या तोंडानं पडदा खाली सोडत आणि म्हणत, "मुंबईमा अशे नई ऱ्हास." मुंबईत असं नसतं. हे त्यांचं पालुपद. नाना मूळचे धुळ्याकडचे. पडदा वर असला की शुद्ध नाटकी मराठी, पडदा पडला की अहिराणी. दोन्ही भाषा एकाच तोंडात राहायच्या, पण एकीनं दुसरीच्या ताटात कधी हात घातला नाही.

मुंबई म्हणजे त्यांची मुंबई. राणीच्या राज्यातली, घोड्यांच्या ट्रामची, गॅसच्या दिव्यांची. पोरवयात ते तिथं गेले आणि ग्रांट रोडच्या एका नाटकघरात पडदा ओढायला लागले. सुट्टीच्या दिवशी कोटात, म्हणजे फोर्टात, जाऊन साहेबांची दुकानं बघायची. "काचना मांगे एक टोपी," नाना सांगायचे. "फक्त एक! आनि देखाले चाळीस मानसं." तिथंच म्हणे त्यांना उमगलं, की सगळं एकदम दाखवलं तर माणूस काहीच बघत नाही. नाटकवाल्यांना हे ठाऊक होतं, साहेबांना ठाऊक होतं, फक्त आपल्या खानदेशातल्या कापडवाल्यांना ठाऊक नव्हतं. ते गिऱ्हाईक दिसलं की पन्नास लुगडी अंगावर फेकायचे.

पडदाही त्याच नाटकघरातला. कंपनी बुडाली तेव्हा पगाराच्या बदल्यात मिळालेला. त्यावर मोठा रस्ता, घुमटाचा बाजार आणि ट्राम ओढणारा घोडा. घोड्याला पाय पाच. मी एकदा बोट दाखवलं तर नाना म्हणाले, "चालता घोडा शे. मोजू नका."

आता खरी गोष्ट सांगते. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. माझ्या चुलत सासूबाई, भागाकाकू, यावलजवळच्या खेड्यात राहायच्या. काका लवकर गेले. काकूंनी एकटीनं केळीचा मळा सांभाळला, पाणी धरलं, व्यापाऱ्यांशी भांडल्या, आणि एकुलत्या कमलचं लग्न ठरवलं. बस्ता जळगावातच फाडायचा ठरला. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. आमच्याकडे दोन्हीकडची माणसं एकत्र येऊन एकाच दुकानात ती करतात. नवरीच्या शालूपासून वऱ्हाडातल्या शेवटच्या टोपीपर्यंत.

काकू आदल्या दिवशीच माझ्याकडे उतरल्या. भाकरी थापता थापता हळूच म्हणाल्या, "कमलले जांभळं शोभतं. उद्या तू सांगजो. मी सांगितलं असं म्हनू नको बाई."

"तुम्हीच सांगा की काकू. लेक तुमची."

"मी कुठी आत येनार? शालूले सवाष्णीचे हात लागतात."

नऊ वर्षं जिच्या हातानं घर चाललं, तिच्या हातानं शालूचा तेवढा अपशकुन होणार होता! पण रीत होती, आणि मीही तेव्हा नुसती मान हलवली. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्हीकडची पंचवीस-तीस माणसं नानांच्या गादीवर बसली. नवऱ्या मुलाचा मामा फेटा बांधून पुढं. काकू बाहेर पायरीवर, पदर ओढून, रस्त्याकडे तोंड करून.

पहिली घंटा. दुसरी घंटा. नानांनी दोरीला हात घातला, माणसांवरून नजर फिरवली आणि हात काढून घेतला.

"एक प्रेक्षक बाहेर आहे," शुद्ध मराठीत म्हणाले.

"त्या तिथंच बसतील," मामा म्हणाला. "विधवा बाई आहे. तुम्ही करा सुरू."

"नवरीची आई ना?"

"मग काय झालं? रीत आहे आपली."

नानांची शुद्ध मराठी सुटली. "मुंबईमा अशे नई ऱ्हास, भाऊ. नाटकघरना दारमा तिकीट देखतस. कपाय नई देखतस." तिकीट बघतात, कपाळावरचं कुंकू नाही.

मामाच्या मिशा थरथरल्या. "हे नाटकघर नाही, दुकान आहे! अन् दुकानं गावात काय कमी आहेत? उठा रे सगळे!"

एवढा मोठा बस्ता वर्षात दोनदा-तीनदाच यायचा. बाहेर काकू कासावीस होऊन हात जोडायला लागल्या, "नाना, माझ्यापायी नका हो करू. लेकीचं मोडंल." निम्मी माणसं उठलीसुद्धा. नाना आपले घंटेशेजारी उभे, पाच पायांच्या घोड्यासारखे, कुठलाच पाय न हलवता.

तेवढ्यात गादीच्या मधोमध एक म्हातारी ठाम बसलेली दिसली. नवऱ्या मुलाची आजी. तोंडात दात नाही, पण आवाज खणखणीत.

"मी नाही उठत. पडदा वर जाताना पाह्याले मी इतक्या दूर एसटीत हादरत आली. सगळं गाव पाहून आलं, मीच राहिली."

"आजी, दुसऱ्या दुकानात..." मामा म्हणाला.

"तिथी पडदा आहे का?"

मामा फेटा चाचपायला लागला.

"मंग? हा बुवा तिसरी घंटा देत नाही तिच्यावाचून. घे ना तिले आत! तुही रीत मोठी का माहा पडदा?"

कुणी हलेना. तेव्हा आजीच गुडघ्यावर हात टेकत उठली, बाहेर गेली आणि काकूंचा हात धरून त्यांना ओढत आणून आपल्या शेजारी बसवलं. "बस इथी. अन् आता रडू नको, मीबी रडीन अन् मले पडदा दिसनार नाही."

तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला. आजी लहान पोरीसारखी "अगं माय!" म्हणाली.

चौरंगावर लाल शालू, जरीच्या काठाचा. सवाष्णी "वा, वा" म्हणाल्या. मामानंही मान डोलावली. आता काकूंचं म्हणणं मी सांगायचं होतं. मी तोंड उघडणार, तोच आजीच्या शेजारून आवाज आला. बारीक, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"हे नको. दुसरं दाखवा. जांभळं."

नानांना पुढचं वाक्यच आठवेना. "रसिकहो" म्हणाले आणि थांबले. मग स्वतःच कपाटाकडे धावले.

शालू जांभळाच घेतला. बाकीचा बस्ताही तिथंच झाला. पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "नाना, हातचं एवढं गिऱ्हाईक जात होतं. कशापायी हा हट्ट?"

नानांनी लाल शालू घडी घालायला मांडीवर घेतला. मग म्हणाले, "त्या नाटकघरना दारमा मनी माय गजरा इके."

वडील गेल्यावर मायलेक दोघंच मुंबईला गेली होती. आत नाना पडदा ओढायचे, बाहेर माय मोगऱ्याचे गजरे ओवायची. स्वतःला कधी न माळता दुसऱ्यांना द्यायची. दारवान म्हणायचा, आई, आत बसा. मालकानंसुद्धा सांगितलं, तुम्हाला तिकीट नको. ती म्हणायची, शुभाच्या जागी माझं काय काम? भिंतीपलीकडून ऐकून ऐकून तिला सगळी पदं पाठ होती. प्लेगाच्या साली गेली.

"आठ वरीस मी पडदा वढा," नाना म्हणाले. "तिनी एकदाबी देखा नई."

दुपारची गिऱ्हाइकं पायरीशी येऊन उभी होती, नानांचं तिकडे लक्ष नव्हतं. काकूंनी परत केलेला लाल शालू त्यांच्या मांडीवर तसाच उलगडून पडला होता.

"ती बाई काय बोलनी, आयकं ना तुम्ही?" ते मला विचारत होते. "हे नको, दुसरं दाखवा! बठ्ठा मानसंसमोर! कशी बोलनी!"